सांग पाव्हण्यास्नी

"सांग पाव्हण्यास्नी, टोपी काढून ठेवा म्हणावं. घाटात वारा हाय, उडून जाईल," आबा म्हणाले.

पाहुणे आबांपासून दोन हातांवर जीपच्या बॉनेटला टेकून उभे होते. कान चांगले शाबूत होते. तरी मी मान वळवून म्हणाले, "अहो, टोपी काढून ठेवा म्हणतायत."

"त्यांना सांग, टोपी माझी आहे."

"आबा, टोपी त्यांची आहे म्हणतायत."

"असू दे की मग," आबा म्हणाले आणि जीपखाली शिरले.

पाहुणे म्हणजे माझे यजमान, मुकुंदराव. तेव्हा मी त्यांचं नाव घेत नसे. आता साठी उलटल्यावर बिनदिक्कत घेते, त्यांना राग येतो तरी घेते. आबा म्हणजे माझे वडील, तातोबा सुतार. मूळचे शाहूवाडीकडचे, पण आंबा घाटात बंद पडणाऱ्या गाड्यांच्या भरवशावर घाटाखाली साखरप्याला गॅरेज टाकून बसले ते तिथलेच झाले. गावात त्यांना मिस्त्री म्हणत. घाटात गाडी अडली की लोक आधी मिस्त्रींचं नाव घेत आणि मग देवाचं.

या दोघांमध्ये बोलणं बंद होतं. भांडण म्हणावं असं काही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी दिवाळसणाला मुकुंदरावांनी गॅरेजात उभं राहून जाहीर केलं, की आपण पतपेढीतली कारकुनी सोडणार आणि जुनी जीप घेऊन देवरुखला वडाप, म्हणजे उतारूंची ने-आण, करणार. आबांच्या तोंडून निसटलं, "ज्याला स्टेपनी बदलाय येत न्हाई, त्यानं वडाप करायचं?" समोर चार गिऱ्हाइकं होती. चौघंही हसली. मुकुंदराव त्या दिवशी पुरणपोळीच्या ताटावर बसले नाहीत.

जावयाला असं बोलायचं नसतं हे आबांनाही कळत होतं. पण चुकलं म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. म्हणून त्यांनी वेगळीच वाट काढली. जावयाशी बोललं तर परत काहीतरी वाकडं निघणार, तेव्हा बोलायचंच नाही. जे काय सांगायचं ते लेकीमार्फत, अदबीनं. मुकुंदरावांनीही तीच रीत उचलली. ताटावर शेजारी शेजारी बसून "सांग पाव्हण्यास्नी, भात घ्या" आणि "त्यांना सांग, पुरे." मी मधे वाढपी आणि पोस्टमन दोन्ही. अडकित्त्यातल्या सुपारीला निदान एकदाच तुटायचं असतं. माझं रोज चाललं होतं.

आणि आता ती जीप खरंच आली होती. मलकापूरच्या एका ठेकेदाराच्या अंगणात तीन वर्षं कोंबड्या वागवत उभी असलेली, चारी चाकांना ताकद देणारी जुनी फोर-व्हील. इंजिन मेलेलं, बाकी हाडं शाबूत. मुकुंदरावांनी राजीनामा आधी दिला आणि जीप मागून घेतली, एवढे ते धोरणी. ती घाटाखाली गॅरेजात न्यायची म्हणजे आबांच्या टेम्पोमागे बांधून ओढत न्यायची. आबा नाही म्हणाले नाहीत. "सांग पाव्हण्यास्नी, रविवारी जाऊ," एवढंच म्हणाले. मला वाटलं, चला, या निमित्तानं तरी दोघांचं तोंड उघडेल. १९८९ सालच्या फेब्रुवारीतला तो रविवार.

आबा दीड तास जीपखाली होते. गाडी दोरानं ओढायची नाही हा त्यांचा नियम. उतारावर पुढची गाडी थांबली तरी दोर काही मागचीला थांबवत नाही. म्हणून त्यांनी पाइपचा दांडा वेल्डिंग करून आणला होता. दोन पाय जीपच्या बंपरला, टोक टेम्पोच्या मागच्या हुकात, आणि त्यातून आरपार एक जाड पिन. दुसरा नियम त्यांनी मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून माझ्या डोक्यात ठोकलेला, "दोन गाड्यांच्या मधी माणसानं उभं ऱ्हायाचं न्हाई."

खालून सरकत बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात नटबोल्टांचा डबा होता आणि बाजूला चाकांना इंजिनाशी जोडणारे दोन लांब लोखंडी शाफ्ट पडले होते.

"सुले, हिकडं ये. आन नीट ऐक," ते म्हणाले. "दोन्ही शाफ्ट सोडलेत. इंजिन बंद असताना चाकं फिरली की शाफ्ट फिरणार आन गिअरच्या पेटीत तेल न पोचता सगळं जळणार. म्हणून सोडलेत. पण या गाडीचा हँडब्रेक चाकावर नसतोय, त्या मागच्या शाफ्टावर असतोय. शाफ्टच न्हाई, म्हंजे हँडब्रेक नुसता नावाला. गिअर टाकला तरी गाडी थांबायची न्हाई. पायाचा ब्रेक तेवढा खरा. गाडी उभी करायची तर पाय ब्रेकवर, न्हाईतर चाकाला दगड. कळलं?"

"कळलं."

"सांग पाव्हण्यास्नी. आत्ता. इसरू नगं."

मी निघाले. मुकुंदराव कोपऱ्यावरच्या हॉटेलासमोर विडी ओढत होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "काय निरोप? आता माझं काय चुकलं?"

कपाळावर ती आठी, आवाजात तो तिखटपणा. आणि मला एकदम वीट आला. खरंच वीट. दोन वर्षं मी यांचं बोलणं इकडून तिकडे वाहत होते आणि दोन्हीकडची आठी मात्र मलाच बघावी लागत होती. वाटलं, नाही सांगत. गाडीत यांना बसायचंय, शाफ्ट त्यांनी सोडलेत. विचारू दे एकमेकांना. एवढी मोठी गोष्ट आहे, घाटाच्या तोंडाशी आबा स्वतः दोन शब्द बोलल्याशिवाय राहणार नाहीत. नाहीतरी सबंध वाट यांचा पाय ब्रेकवरच असणार.

"काही नाही," मी म्हटलं. "चहा घेणार का विचारतायत."

"नको म्हणावं."

मी परत गेले आणि आबांना म्हणाले, "नको म्हणाले."

"काय नको?"

"चहा."

आबांनी माझ्याकडे पाहिलं, पण तेवढ्यात ठेकेदाराचा माणूस कागद घेऊन आला आणि ते त्याच्याकडे वळले.

निघालो. टेम्पोत आबा आणि मी, मागे जीपमध्ये मुकुंदराव. हौद्याचा मागचा फाळका आबांनी उघडा टाकला होता, त्यामुळे केबिनच्या मागच्या काचेतून मला जीप दिसत होती. माझं काम निरोपाचंच, फक्त आता टॉवेलानं. खिडकीतून लाल टॉवेल एकदा हलवला की ब्रेक दाबायचा, आत घेतला की सोडायचा. आबा पुढे बघत म्हणत, "दाबा म्हणावं," मी टॉवेल काढी. "सोडा म्हणावं," मी आत घेई. आंबा गावापर्यंत सगळं सुरळीत झालं. मुकुंदराव टोपी घालूनच बसले होते.

घाट सुरू झाला आणि टोपी दुसऱ्याच वळणावर उडाली. मला हसू आलं. आबांनी आरशात पाहिलं. त्यांची मिशी हलली.

मग हसायचं सुचलं नाही. आंबा घाट तेव्हा आजच्याइतका रुंद नव्हता. डाव्या हाताला कातळ, उजवीकडे गुडघाभर उंचीचा कठडा आणि कठड्यापलीकडे झाडांचे शेंडे. टेम्पो दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत उतरत होता. मागून जीपचं सगळं वजन दांड्यावर येई आणि टेम्पोला धक्का बसे. प्रत्येक धक्क्याला आबांचा जबडा आवळे.

"दाबा म्हणावं. दाबा, दाबा."

मी टॉवेल फडफडवत होते. सातव्या की आठव्या वळणावर मागून "कट्ट" असा आवाज आला. आबांनी लगेच ओळखलं.

"पिन."

वळण संपल्यावर थोडी रुंद जागा होती. तिथे त्यांनी टेम्पो कातळाला लागून उभा केला, गिअर टाकला, उतरून पुढच्या चाकाला दगड लावला आणि मागे जाऊन पाहिलं. मीही उतरले. हुकातली पिन मधे वाकली होती. अजून दोन वळणं गेली असती तर तुटलीच असती. तुटली असती तर जीप आधी आमच्या पाठीत बसली असती आणि मग कठड्याकडे गेली असती.

आबांनी टेम्पोतून जाड बोल्ट काढला, पिनेच्या जागी घालायला. हातोडा घेतला. मग मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, "सांगितलंस न्हवं त्यांस्नी? हँडब्रेकचं?"

आता सांगते, तेव्हा एक शब्द खरा बोलले असते तर पुढचं काही झालं नसतं. पण आबांचा घामेजलेला चेहरा, तो रागीट आवाज, आणि सकाळचा माझा आगाऊपणा. मला लाज वाटली आणि भीतीही. मनात म्हटलं, आत्ता जाऊन सांगून येते की. एका मिनिटाचं तर काम.

"सांगितलं," मी म्हणाले.

"मग जा, चांगले दोन दगड आण. जीपच्या पुढच्या चाकास्नी लाव. तवर त्यांचा पाय हाय ब्रेकवर."

मी जीपकडे वळले. मुकुंदराव स्टिअरिंग धरून बसले होते, मांडी ब्रेकवर ताठ झालेली. "अहो," मी म्हणाले, पण वरून एक ट्रक हॉर्न देत वळणावर आला. चालकानं मान बाहेर काढून "काय झालं मिस्त्री?" असं ओरडून विचारलं, आबांनी हातानं जा म्हटलं, तो धूळ उडवत गेला. धूळ बसेपर्यंत आबा ओरडले, "सुले, दगड!" आणि मी दगड शोधायला पळाले. आधी दगड लावू, मग सांगू, असं ठरवलं. दगड लागले की सांगायची गरजच उरणार नव्हती.

कातळाच्या पायथ्याशी सगळा चुरा पडलेला. हवा तसा दगड पंधरा-वीस पावलांवर मिळाला, पण एकच. तो दोन्ही हातांनी उचलून वळले, आणि पाहिलं.

जीपमध्ये कोणी नव्हतं.

मुकुंदराव खाली उतरले होते. आबा दोन गाड्यांच्या मधे, स्वतःचाच नियम मोडून, उकिडवे बसून पिनेवर हातोडा मारत होते. पिन हलत नव्हती. "आत्ता तर हालत हुती," ते पुटपुटत होते. हलणार कशी? मुकुंदरावांनी पाय काढल्यापासून जीपचं सगळं ओझं दांड्यावर, म्हणजे पिनेवर आलं होतं. पिनच जीप धरून होती. मुकुंदरावांना वाटत होतं, हँडब्रेकनं धरलीय.

आणि ते काय करत होते? त्यांनी दोन वर्षांत जे केलं नव्हतं ते. आबांच्या जवळ जाऊन वाकले आणि म्हणाले, "मामा, सरा. मी ठोकतो."

आबांनी मान वर केली. जावई आपल्याशी तोंडानं बोलला याचं आश्चर्य त्यांच्या चेहऱ्यावर एक क्षण होतं. मग त्यांच्या नजरेत दुसरंच काही आलं. हा इथं, तर ब्रेकवर कोण? पण उगारलेला हातोडा तोवर खाली निघाला होता. तो घाव पिनेवर बसला आणि पिन उडाली.

"मुकुंदा! ब्रेक!"

आबांनी जावयाला नावानं हाक मारली ती आयुष्यात पहिल्यांदा.

जीप आधी सावकाश हलली, जणू उठू की नको असा विचार करत. दांड्याचं टोक हुकातून घसरलं. आबांचा डावा हात पिन धरायला हुकाखाली होता, तो मधे चेंगरला. ते ओरडले नाहीत, नुसता श्वास आत घेतल्याचा आवाज आला. मुकुंदरावांनी त्यांना काखेत हात घालून कातळाच्या बाजूला ओढलं, दोघंही कडेच्या चरीत पडले. मी धावत होते. दगड पोटाशी धरून कशी धावले ते मला माहीत नाही. पुढच्या चाकासमोर तो टाकला आणि हात काढून घेतला. चाकानं दगड ढकलत नेला, वीतभर, दोन वीत, डांबर उखडलेल्या खड्ड्यात दगड अडला, चाक त्यावर अर्धं चढलं आणि थांबलं. जीपचं बंपर टेम्पोपासून हातभर अंतरावर होतं. त्या हातभर जागेत क्षणापूर्वी माझे वडील बसले होते.

चाक दगडावर डुगडुगत होतं. मी जीपमध्ये चढले आणि दोन्ही पाय ब्रेकवर रोवून उभीच राहिले.

"हँडब्रेक ओढला होता मी!" मुकुंदराव चरीतून उठत ओरडत होते. "मामा, देवाशप्पथ, शेवटपर्यंत ओढला होता. गिअरसुद्धा टाकला होता! तुम्ही एकटे ठोकत होता म्हणून उतरलो... मामा, मी मुद्दाम नाही हो..."

त्यांचा आवाज फाटला. ते कशाला घाबरले होते ते मला कळलं. सासऱ्याशी बोलत नसलेला जावई, आणि गाडी सासऱ्याच्या अंगावर. आबा त्या जागेतून उठले नसते, तर गावानं या माणसाला जन्मभर काय म्हटलं असतं? आणि मी काय केलं असतं? मी खरं बोलले असते का? याचं उत्तर मला आजही देता येत नाही.

आबा कातळाला टेकून बसले होते. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्हींची टोकं चेंगरली होती. उजव्या हातानं त्यांनी मनगट घट्ट धरलं होतं. त्यांनी वर पाहिलं. मुकुंदरावांकडे नाही, माझ्याकडे. जीपच्या काचेतून सरळ माझ्या डोळ्यांत. मी नजर खाली वळवली.

"तुमचं काय चुकलं न्हाई, पाव्हणं," आबा म्हणाले. "माझं चुकलं. शाफ्ट सोडले की हँडब्रेक मरतोय. तुमास्नी सांगायचं माझ्याकडनं ऱ्हायलं."

हे ते मुकुंदरावांना म्हणाले. थेट. मधे मी नव्हते.

मुकुंदरावांनी लाल टॉवेल आणून त्यांच्या हाताला गुंडाळला. दुसरा दगड आणून दुसऱ्या चाकाला लावला. मग म्हणाले, "जीप इथंच टाकू. तुम्हाला आधी डॉक्टरकडे नेतो."

"न्हाई."

"अहो मामा, रक्त किती चाललंय!"

"वळणाच्या तोंडावर मेलेली गाडी टाकून जायाची न्हाई. अर्ध्या तासात येस्टी यील, माणसांनी भरलेली. बोल्ट घाला. येईल तुमास्नी." जरा थांबून म्हणाले, "मी बघतो हितनं."

आबा सांगत गेले आणि मुकुंदराव करत गेले. टेम्पो हातभर पुढे, दांडा वर, भोक जुळवा, बोल्ट, वरून नट, नटावर नट. मी ब्रेकवर. माणसाला जमत नाही म्हणून जे शिकायचं राहिलेलं असतं ते कधीकधी दहा मिनिटांत शिकता येतं. नट आवळून झाल्यावर मुकुंदरावांनी आबांकडे पाहिलं, आबांनी मान हलवली. पतपेढीच्या मॅनेजरनं बढती दिली असती तरी त्या माणसाचा चेहरा तसा झाला नसता.

पण आता टेम्पो मुकुंदराव चालवणार, आबा शेजारी. जीपमध्ये मीच. गॅरेजात गाड्या पुढेमागे सरकवायचं काम लहानपणापासून माझं, त्यामुळे हात नवखा नव्हता. घाट मात्र नवखा होता. आबा जीपपाशी आले. मला वाटलं, आता बोलतील. दोन शब्द, एक शिवी, काहीतरी.

"सारखा दाबून ठेवू नगं, ब्रेक तापतोय," ते म्हणाले. "दाब, सोड. दाब, सोड. हॉर्न एकदा वाजला की दाबायचा, दोनदा वाजला की सोडायचा."

"आबा..."

"फुडं बघ."

उरलेला घाट मी कसा उतरले ते माझ्या पायांना विचारावं. उतार लागला की जीप दांड्यावर रेलायची. हॉर्न. दाब. हॉर्न, हॉर्न. सोड. तीन वळणांनंतर ब्रेकचा जळका वास यायला लागला आणि पेडल थोडं खोल जायला लागलं. हातापाशी हँडब्रेकचा दांडा होता. त्याच्याकडे मी चुकूनही पाहिलं नाही. उजवीकडे कठडा सरकत होता, मधेच तुटलेला, त्या जागी दोन पांढरे दगड रचलेले. मी देवाचं नाव घेत नव्हते. "सांगितलं" हा माझाच शब्द मी परत परत ऐकत होते.

आणि समोर टेम्पोच्या मागच्या काचेतून मला दोन डोकी दिसत होती. एक पांढरं, एक काळं. आबा पुढे हात दाखवत होते, इथं गिअर, इथं हळू. एका सरळ पट्ट्यात आबांचं डोकं काळ्या डोक्याकडे झुकलं आणि ते बराच वेळ काहीतरी बोलत राहिले. मुकुंदरावांनी आरशात पाहिलं. माझ्याकडे. मग परत पुढे. मला वाटलं, झालं. सांगितलं. आता खाली उतरलो की माझा नवरा काय बोलेल ते ऐकायचं. मग पुन्हा हॉर्न वाजला आणि मी ब्रेक दाबला.

खाली उतरलो. मुकुंदरावांनी टेम्पो दवाखान्यासमोर नेऊन उभा केला, आधी जीपच्या चाकांना दगड लावले, मग आबांना आत नेलं. मला फक्त म्हणाले, "पाय काढ आता. हात कशानं खरचटले?" ते दगडानं खरचटले होते. दुसरं काही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतर नाही, कधीच नाही. मी समजले की आबांनी माझं नाव घेतलं नाही.

रत्नागिरीला नेऊन दोन्ही बोटांची टोकं काढावी लागली. आबा महिन्याभरात कामाला लागले. जीप त्यांनी आणि मुकुंदरावांनी मिळून उभी केली. त्या उन्हाळ्यात गॅरेजात "पाव्हणं, पाना द्या" आणि "मामा, हा नट कुठला?" असं दिवसभर चाले. मी चहा घेऊन गेले तरी त्यांना पत्ता नसे. आबांनी बाभळीचे दोन ठोकळे तासले, मधे दोरी बांधली आणि जीपमध्ये टाकले. मुकुंदरावांनी वीस वर्षं वडाप केलं, पण ते ठोकळे लावल्याशिवाय त्या गाडीतून कधी उतरले नाहीत. पुढे गावात लोक म्हणायचे, मिस्त्रींचं जावयावर लेकीपेक्षा जास्त. मी हसायचे. आबांच्या पानात वाढताना मात्र मी त्यांच्या डाव्या हाताकडे बघायचे नाही. सोळा वर्षं नाही बघितलं. ते गेले तेव्हा त्यांचा हात हातात घेतला, तेव्हा बघितलं.

गेल्या वर्षी ती जीप आम्ही विकली. पुण्याचा एक तरुण जुन्या गाड्या जमवतो, तो न्यायला आला. येताना पाइपचा दांडा घेऊन आला होता. मुकुंदराव आता सत्तरीला आले आहेत, गुडघे दुखतात, तरी त्याच्याबरोबर खाली वाकून शाफ्ट सोडायला लागले. सोडून झाल्यावर त्या मुलाचा दंड धरून म्हणाले, "हे बघ, आता हँडब्रेक मेला. गिअरही मेला. हे गाडीत जो बसणार आहे त्याला तू स्वतः सांगायचं. निरोप पाठवायचा नाही."

मुलगा हो म्हणाला. जीप गेली. आम्ही दोघं फाटकाशी उभे होतो. जे इतकी वर्षं कोंडून ठेवलं होतं ते एकदम बाहेर पडलं.

"अहो, त्या दिवशी आबांनी मला सांगितलं होतं. तुम्हाला सांग म्हणून. मीच सांगितलं नाही. वर त्यांना खोटं बोलले."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. तू जीपमध्ये चढलीस ती थेट ब्रेकवर उभी राहिलीस. हँडब्रेककडे बघितलंसुद्धा नाहीस. तेव्हाच शंका आली होती. मग टेम्पोत मामांनी सांगितलं."

"काय सांगितलं?"

मुकुंदरावांनी फाटकाची कडी लावली. मग आबांच्याच बोलीत, आबांच्याच आवाजात म्हणाले, "'पाव्हणं, निरोप मी दिला हुता. पोरीनं पोचवला न्हाई. पण तिला कधी इचारू नगा. आपली दोघांची तोंडं धड असताना आपण तिला मधी उभी केली. दोन गाड्यांच्या मधी माणसानं उभं ऱ्हायाचं नसतं. ह्यो माझाच नियम हाय.'"

मी फाटक धरलं. तीस-बत्तीस वर्षं मी एकटीच हे घेऊन जेवले, झोपले, आबांना अग्नी दिला तेव्हाही हेच घेऊन उभी होते, आणि हे दोघं... मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला.

"मग मला का नाही सांगितलंत कधी? आबा गेल्यावर तरी!"

"मामांना शब्द दिला होता ना, तुला विचारणार नाही म्हणून," मुकुंदराव म्हणाले. "आणि सांगायचं तरी कुणाकरवी? आमचे निरोप तूच नेत होतीस."